तंबूला भीती पावसाची नाही, ओलीची

महाराष्ट्रात कापडाची घरं दसऱ्यानंतर बाहेर पडत आली आहेत. मराठ्यांच्या फौजा पावसाळा छावणीत काढत, सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, आणि मग पुढचे सात-आठ महिने डेरे, राहुट्या आणि कनाती हेच त्यांचं गाव असे. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजीमहाराज आणि अफजलखान यांची भेट शामियान्यात झाली तो दिवस १० नोव्हेंबर १६५९, पाऊस सरल्यानंतरचा. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा साहेब थंडीत फिरतीवर निघाला की तंबूंचे दोन संच बरोबर असत. एकात मुक्काम चाले आणि दुसरा बैलगाडीवरून पुढच्या गावी रवाना होई. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात त्याही उन्हाळ्याच्या तोंडाला, गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या घेण्यासाठी. पाऊस जवळ आला की तंबूवाले फड गुंडाळले जातात.

फौजा, साहेब आणि तमासगीर यांच्यात एरवी काही सारखं नाही. पण तिघांचंही वेळापत्रक सुती कापडाच्या स्वभावाशी जुळतं. तो स्वभाव समजला, तर आज कॅनव्हासचा तंबू घेऊन मुक्कामाला जाणाऱ्याचे निम्मे प्रश्न सुटतात.

हे मी भिसेगावातून लिहितो आहे. कर्जत स्टेशनाला खेटून असलेलं हे गाव. शनिवारी रात्रीच्या लोकलमधून पाठपिशव्या घेतलेली मुलं उतरतात. कोणी कोंडिवड्यावरून कोंढाण्याची लेणी आणि राजमाची गाठतं, कोणी आंबिवलीहून पेठच्या किल्ल्यावर चढतं, कोणी खांडसहून भीमाशंकरची वाट धरतं. सगळ्यांच्या पाठीवर नायलॉनचे घुमटाकार तंबू असतात, आणि ते योग्यच आहे. सामान पाठीवरून न्यायचं असेल तर कॅनव्हासचा विचारही करू नये. चौघांचा नायलॉन तंबू तीन ते सहा किलोंत बसतो. चार मीटर व्यासाचा, मध्ये एकच खांब असलेला सुती तंबू खांब-मेखांसह पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातो. जुन्या हिंदुस्थानी फौजेत तंबू वजनावरूनच ओळखले जात: चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी. म्हणजे अठरा आणि छत्तीस किलो. खेचरांना आणि उंटांना विचारून ठरवलेली ही मापं.

कॅनव्हास शोभतो तो वेगळ्या मुक्कामाला. गाडी शेतापर्यंत जाते, दोन-तीन रात्री राहायचं आहे, बरोबर लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत, किंवा शाळेचं शिबिर आहे. अशा वेळी उभं राहता येईल एवढी उंची, दुपारी न तापणारं छत आणि पहाटे न ठिबकणारी भिंत या तीन गोष्टी नायलॉन एकत्र देऊ शकत नाही.

न ठिबकण्याचं कारण असं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात सोडतो. चौघं झोपले तर लिटर-दोन लिटर. नायलॉनच्या कापडावर लेप असतो, त्यातून वाफ पुरेशी बाहेर जात नाही. पहाटे कापड गार झालं की ती थेंब होऊन अंगावर येते. लोकांना वाटतं तंबू गळतोय. गळत नसतो, तो त्यांचाच श्वास असतो. कापसाचं तसं नाही. मध्यम दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सुती भिंत ओलावा पिते आणि बाहेरच्या हवेत सोडून देते.

आणि पाऊस? कापसाचा तंतू पाणी प्याला की फुगतो, पण लांबीला नाही, जाडीला. घट्ट विणीच्या कापडात शेजारचे धागे जाड होऊन मधल्या फटी बुजवतात आणि उरलेल्या बारीक छिद्रांत पृष्ठताण पाणी अडवून धरतो. अरबस्तानातल्या बेदुईनांचे बकरीच्या केसांचे काळे तंबूही असेच: कोरडे असताना त्यांतून वारा खेळतो, भिजले की वीण मिटते. म्हणून नव्या कॅनव्हासला वापरण्याआधी पाणी पाजावं लागतं. तंबू अंगणात उभारायचा, नळीने चिंब करायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि हे दोन-तीनदा करायचं. पहिल्या भिजण्यात शिवणींच्या भोकांतून थेंब येतात. धागा सुती असेल तर तोही फुगतो आणि भोकं बंद होतात. ओल्या छताला आतून हात लावू नये, असं जुनी माणसं सांगतात त्यालाही कारण आहे. बोट टेकलं की अडलेल्या पाण्याला उतरायला वाट मिळते आणि तिथून झिरपणं सुरू होतं. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: भिजलेला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो. नायलॉन उलट भिजल्यावर सैल पडतो.

म्हणजे पाऊस हा कॅनव्हासचा शत्रू नाही. शत्रू आहे ती ओल, न सुकता राहिलेली. कापूस म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज हे बुरशीचं जेवण. रात्रभर पावसात उभा राहिलेला तंबू दुसऱ्या दिवशी उन्हात वाळला, तर त्याला काही होत नाही. तोच ओला गुंडाळून दोन-तीन दिवस पिशवीत ठेवला, की काळे ठिपके उमटतात. ठिपक्यांवर थांबलं तर नशीब. पुढे धागा कुजतो आणि कापड नखानं फाटतं.

आता कर्जतकडे बघा. सह्याद्रीच्या पायथ्याला, घाटाच्या तोंडाशी असलेल्या या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात हवाच इतकी दमट असते की घरातले कपडे वाळत नाहीत, तिथे तीस किलोंचा तंबू कुठून वाळणार! कोकणातल्या शेतकऱ्यानं पावसासाठी कापडाचा भरवसा धरलाच नाही. त्यानं शेतात डोक्यावर इरलं घेतलं, राखणीला पेंढ्याची खोप बांधली. ती दरवर्षी कुजते आणि दरवर्षी नवी होते.

मग आषाढी वारीचं काय, असा प्रश्न कोणीही विचारील. भर पावसाळ्यात हजारो तंबू रोज संध्याकाळी तळावर उभे राहतात. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीचा मानाचा तंबू आणि घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासूनची ही रीत. हे तंबू टिकतात त्याला माझ्या मते दोन कारणं आहेत. एक, ही वाट पर्जन्यछायेची आहे. फलटण-माळशिरसच्या भागात वर्षभराचा पाऊसच पाचशे मिलिमीटरच्या आसपास. दुसरं कारण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं: वारीचा तंबू रोज उघडला जातो. सकाळी दमट गुंडाळला तरी दुपारनंतर पुढच्या तळावर तो पुन्हा वाऱ्यावर उभा असतो. बुरशीला सलग दोन दिवस मिळतच नाहीत. आता बऱ्याच दिंड्या प्लॅस्टिकचा लेप असलेलं कापड वापरतात, पण उभारण्याची चपळाई जुनीच आहे. ट्रक पुढे जातो, चालणारे पोचायच्या आत मेखा ठोकलेल्या असतात. तंबू कसा लावायचा हे शिकायचं असेल तर चित्रफिती बघण्यापेक्षा एखाद्या दिंडीच्या ट्रकवरच्या माणसांबरोबर एक संध्याकाळ काढावी. रायगडातूनही कार्तिकीला बोरघाट चढून आळंदीला दिंड्या जातात, तेव्हा तर हवाही कोरडी असते.

ओलीवर उपाय माणसानं फार पूर्वी शोधला होता, आणि त्याचा एक धागा आमच्याच तालुक्यातून जातो. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून, तो काढा आटवून कात तयार करतात. पानात पडतो तोच कात. त्यात टॅनिन भरपूर, आणि टॅनिन मुरलेल्या कापडाला बुरशी सहज धरत नाही. प्लॅस्टिकच्या आधीच्या काळात हिंदुस्थान-ब्रह्मदेशातून गेलेल्या काताच्या काढ्यात युरोपातले खलाशी आणि कोळी आपली शिडं आणि जाळी बुडवत. जुन्या चित्रांतल्या गलबतांची शिडं तांबूस-तपकिरी दिसतात ती त्यामुळे. कोकणच्या किनाऱ्यावरही सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात मुरवत असत. आणि कात पाडणं हा कर्जत-खालापुरातल्या कातकऱ्यांचा पिढीजात धंदा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलं वाढत गेली, खैर हाताबाहेर गेला आणि कातकरी मुंबईसाठी कोळसा पाडणाऱ्या भट्ट्यांवर मजूर झाले. जगभरच्या सुती कापडाला कुजण्यापासून वाचवणारी वस्तू ज्यांना घरची होती, त्यांच्या हातातून ती एका कायद्यानं काढून घेतली. आज ट्रेकला जाणारी मुलं ज्या कातकरी वाड्यांवरून पुढे जातात, तिथे हे ज्ञान होतं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

पुढे तांब्याच्या क्षारांचा उपयोग सुरू झाला. लष्करी आणि जुन्या मालगाडीच्या कापडाचा हिरवट रंग बऱ्याचदा त्यातून आलेला असतो. इथे खरेदी करताना एक घोटाळा नेहमी होतो. पाणी न धरण्याची प्रक्रिया वेगळी आणि न कुजण्याची वेगळी. कात किंवा तांबं बुरशी रोखतं, पाणी नाही. मेण पाणी रोखतं, पण धूळ आणि घामाचे डाग धरलेल्या कापडावरची बुरशी ते थांबवीलच असं नाही. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणाला की दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो आवर्जून विचारावा.

मेणाचं प्रमाणही पाहावं. ट्रकवर टाकायची जाड, मेणकट ताडपत्री घेऊन तिचाच तंबू शिवून घ्यायचा मोह होतो, कारण ती सहज मिळते. पण मेणानं छिद्रं भरलेल्या कापडातून वाफ जात नाही. कॅनव्हासचा मुख्य गुणच जातो, वजन वाढतं आणि ठिणगी पडली तर तंबू पेट लवकर घेतो. तंबूला चौरस मीटरला तीनशे ते साडेतीनशे ग्रॅमचं घट्ट विणीचं कापड पुरतं. कापूस आणि पॉलिएस्टर मिसळलेलं कापड थोडं हलकं, थोडं कमी कुजणारं आणि थोडं कमी श्वास घेणारं. आमच्या हवेत मला ही तडजोड पटते.

मिळतो कुठे? गंमत म्हणजे कॅनव्हासचे तंबू जगाला पुरवणाऱ्या देशांत भारत आणि पाकिस्तान पुढे आहेत. युरोपातल्या हौशी मुक्कामांतले कितीतरी सुती तंबू जयपूर-जोधपूरकडचे किंवा लाहोरकडचे असतात. कानपूरला तर लष्करी तंबूंची परंपरा दीडशे वर्षांची. तरीही आपल्याकडच्या खेळसाहित्याच्या दुकानात सुती तंबू सहसा दिसत नाही. तो शोधायचा तर दुसऱ्या गल्लीत जावं लागतं. मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे जुनी कापडं, कनाती आणि मुख्य म्हणजे शिवणारा माणूस असतो. मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला, पुण्यात बोहरी आळीत ताडपत्री-दोरखंडांची दुकानं आहेत. तिथले कारागीर माप दिलं की शिवून देतात. लष्करी निकाली मालही बाजारात येतो. फौजी तंबू जड असतात, पण त्यांची रचना पाहण्यासारखी. दुहेरी छत, मधून वारा जायला मोकळी जागा आणि आत डोळ्यांना शांत वाटणारं पिवळं अस्तर. मे महिन्याच्या दुपारी एकेरी आणि दुहेरी छतातला फरक दोन मिनिटांत कळतो.

जुना तंबू घेताना आधी नाकानं बघावा. कुबट वास आला तर पुढे जाऊच नये. मग तो उन्हात उभारून आत उभं राहावं. पातळ झालेल्या जागा चमकतात. खालची कड, आढ्यावरची घडी आणि दोऱ्या ओवायच्या कड्यांभोवतीचं कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावं, कारण कुजणं याच तीन जागी सुरू होतं. काळे डाग आहेत पण कापड ताण सोसतंय, तर तो तंबू चालतो. डाग निघत नाहीत. ते काढायला साबणाचा मारा मात्र करू नये. साबणाचा अंश कापडात राहिला की पाणी अडवायची त्याची ताकद जाते. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

नवा शिवून घ्यायचा तर दोन उतरत्या छपरांची साधी रावटी सर्वांत सोपी. दोन मेढी आणि वर एक आढं, तिन्ही बांबूची. बांबू आपल्याकडे चांगला मिळतो आणि मोडला तर गावातच बदलता येतो. एका खांबाचा, घंटेसारखा गोल तंबू वाऱ्याला जास्त सोसतो. १८५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या हेन्री सिब्लीनं तिथल्या मूळ रहिवाशांच्या टिपीवरून असाच एक तंबू बेतून त्याचं पेटंट घेतलं. पण गोल तंबू कापायला कसलेला हात लागतो. कापड भिजल्यावर थोडं आटतं, म्हणून माप तंतोतंत धरू नये. शिवण दुहेरी दुमडीची आणि कोपऱ्यांना ठिगळ जोडलेलं हवं. फाटलंच तर दाभण, मेण लावलेला सुती दोरा आणि त्याच कापडाचा तुकडा एवढ्यावर काम भागतं; म्हणून शिवतानाच हातभर कापड जास्त मागून ठेवावं.

जागेचं बघू. भात निघाल्यावर खाचरं मोकळी होतात. मालकाला विचारून तिथे तंबू लावता येतो. जानेवारीत जमीन कडक होते आणि हातभर खाली कातळ लागतो, पातळ लोखंडी मेखा वाकतात. जाड मेखा न्याव्यात, किंवा बांधावरच्या मोठ्या दगडांना तणावे बांधावेत. झाडाखाली सावली मिळते, पण दवाचे थेंब, चीक आणि वाळक्या फांद्याही मिळतात. झाडाच्या पूर्वेला थोडं लांब लावलं की दुपारनंतर सावली आणि वर मोकळं आकाश. वाळवी इथे सगळीकडे आहे आणि तिला कापूस आवडतो. खालची कड मातीत पुरू नये, खाली आडकापड टाकावं.

नदीच्या पात्रात तंबू लावू नये, कोरड्या दिवसांतही. पेज नदीला टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते आणि वरून पाणी सुटलं की पातळी चढते. पुळणीवरची मऊ जागा त्या क्षणी धोक्याची ठरते. पावसाळ्यात तर उल्हास नदीचा काठ आणि डोंगराची उतरण दोन्ही टाळावीत. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी घरं होती. दोन रात्रींच्या पाहुण्यांनी त्या उतारांवर भरवसा ठेवू नये.

तणावे सुती किंवा तागाचे असतील तर रात्री झोपण्यापूर्वी थोडे सैल करावेत. पिळलेला दोर भिजला की तंतू जाडीला फुगतात, पीळ आणखी आवळतो आणि दोर आखूड होतो. सगळे दोर एकाच वेळी आवळले की मेखा उपटतात नाहीतर कापड टराटरा उसवतं. नायलॉनच्या दोरीचं उलट, ती पहाटे ढिली पडते. सुती कापडाला कोणती दोरी लावली आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

आत चूल, शेगडी, कोळशाची सिगडी काहीही नको. सुती कापड वितळून अंगाला चिकटत नाही हे खरं, पण ते जळतं. आणि बंद तंबूत धुमसणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला मारतो. थंडी वाजली तर एक गोधडी जास्त घ्यावी.

कर्जतच्या थंडीतली खरी कसोटी सकाळी असते. पहाटे घाटावरून गार वारा उतरतो, दव पडतं आणि सूर्योदयाला तंबू न्हाऊन निघालेला असतो. शहरातून आलेल्यांना परतीची लोकल दिसत असते आणि नेमकं तेव्हाच तंबू गुंडाळला जातो. एवढ्या एका घाईत जितके सुती तंबू वाया जातात तितके पावसात जात नसतील. दहा-साडेदहापर्यंत थांबावं. आधी उन्हाकडची बाजू वाळते, मग तंबू उलटून सावलीची बाजू आणि खालची कड वाळवावी. शिवणी आणि दुमडी सर्वांत शेवटी सुकतात, त्यांना हात लावून बघावं. थांबणं शक्यच नसेल तर ओला न्यावा, पण त्याच संध्याकाळी गॅलरीत, गच्चीवर, जिन्याच्या कठड्यावर, जिथे जमेल तिथे पसरावा.

मे संपायच्या आत, मृगाआधी, कडक उन्हात दोन दिवस तंबू वाळवून ठेवणीत टाकायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आतली उरलीसुरली वाफ तिथेच कोंडते. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळलेला बरा. भिंतीला टेकवू नये, जमिनीवर ठेवू नये, उंदीर पोचणार नाहीत असा ठेवावा. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर बियाणं ठेवत, धुरामुळे कीड लागत नसे आणि ओलही धरत नसे. अशी जागा अजून कोणाच्या घरी असेल तर तंबूला तिच्यासारखी दुसरी नाही. श्रावणात ऊन पडलं की एकदा उघडून, झटकून, घड्या बदलून परत ठेवावा. नायलॉनवाल्यांनीही यातून सुटका मानू नये. त्या कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटन पावतो, चिकट होतो आणि सोलतो. वर्षभर बंद पिशवीत राहिलेला तंबू उघडल्यावर येणारा आंबूस वास त्याचाच.

एवढा जड आणि एवढी देखभाल मागणारा तंबू एका घरानं घेण्यात फारसा अर्थ नाही. तीन-चार कुटुंबांनी, एखाद्या शाळेनं किंवा गावच्या मंडळानं मिळून घ्यावा आणि वर्गणी ठरवण्याआधी पावसाळ्यात तो कोणाकडे राहील हे ठरवावं. ज्याच्या घरी कोरडा माळा आहे आणि श्रावणातल्या उन्हाकडे ज्याचं लक्ष असतं, त्याच्याकडून वर्गणी घेऊ नये.